शेवटच्या भोकातलं बुश

बुधवारी सकाळी सात वाजता, गडमुडशिंगीत, भाऊसो कुरणेच्या पत्र्याच्या शेडमध्ये ट्रॅक्टरच्या हेडमधला मागच्या टोकाचा खालचा स्टड मोडला. आवाज फार झाला नाही. पाना एकदम हलका झाला, भाऊसोचा हात पुढं गेला आणि बोटांची सालं हेडच्या कडेवर निघाली. त्यानं बोटं तोंडात धरली आणि मोडलेल्या जागेकडं बघत राहिला.

"मोडला?" प्रसेनजीतनं विचारलं. भाऊसोचा हा मुलगा डबा हातात घेऊन कामावर निघाला होता.

"न्हाय, उमललाय," भाऊसो म्हणाला.

२००१ सालच्या दसऱ्याआधीचा हा बुधवार. इंजिन खोलून पंधरवडा झाला होता. लायनर, पिस्टन, रिंगा नव्या पडल्या होत्या. राहिलं होतं हेड, इंजिनाचं वरचं जड झाकण, आणि त्याला लागणारं मॅनिफोल्ड, म्हणजे इंजिनातला जळका धूर गोळा करून सायलेन्सरकडं नेणारा बिडाचा जाड हात. तो हेडला स्टडांनी आवळलेला असतो. स्टड म्हणजे डोकं नसलेला बोल्ट. एक टोक हेडात, दुसऱ्या टोकावर नट.

हाच स्टड गेल्या हंगामात मोडला होता, त्याच्या आदल्या हंगामातही. मोडला की त्या टोकाला धूर फुटायचा, पॅकिंग जळायचं, ट्रॅक्टर फटफट करत चढाला दम टाकायचा. तरी तो कसाबसा हंगाम ओढून न्यायचा. यंदा ऊसतोडीची टोळी आधीच येऊन माळावर उतरली होती आणि मुकादमाचा निरोप स्पष्ट होता. सोमवारी सकाळी ट्रॅक्टर फडात उभा पाहिजे. नसला तर टोळी दुसऱ्या ट्रॅक्टरवर जाईल. टोळी गेली की भाऊसोचा हंगाम गेला.

"आज माझ्यासंगट उद्यमनगरात चला," प्रसेनजीत म्हणाला. "उद्या खंडेनवमी. सगळं बंद."

दोघांनी हेड पोत्यात गुंडाळलं, पोत्याला दोरी बांधली आणि दोरीत काठी घालून खांद्यावर घेतलं. स्टॉपपर्यंत भाऊसोनं दोनदा खांदा बदलला. बसमध्ये कंडक्टरनं पोत्याला पाय लावून बघितला.

"पावणं, ह्ये काय हाय?"

"हेड."

"कशाचं?"

"टॅक्टरचं."

"मग त्येला टॅक्टरनं न्यायचं की. माझ्या गाडीत कशाला?"

पुढच्या बाकावरची माणसं हसली. पोत्यातनं काळं तेल पाझरत होतं. एका बाईनं लुगड्याचा काठ आवरून पाय वर घेतले. भाऊसोनं खांद्यावरचा टॉवेल काढला, खाली वाकून तेल पुसलं आणि तोच टॉवेल पोत्याखाली सारला. शहर येईपर्यंत तो पोत्याला गुडघा लावून उभा होता.

उद्यमनगरात, शहरातल्या कारखान्यांच्या भागात, प्रसेनजीत ज्या वर्कशॉपमध्ये लेथवर होता, तिथं रॉकेलनं मशिनी धुवायचं काम सुरू होतं. दाराशी झेंडूची पोती येऊन पडली होती. ड्रिल मशीनवर कृष्णात होता, पन्नाशीचा, बोलका.

"उद्या माळ चढली की परवा सांजेपर्यंत मोटर चालू हुयाची न्हाय," तो म्हणाला. "काय करायचं ते आज."

त्यानं मोडक्या स्टडच्या मध्यावर पंच मारला आणि बारीक ड्रिल लावलं. ड्रिल जागेवर फिरलं, किंचाळलं आणि कडेला घसरलं. त्यानं मशीन थांबवलं.

"कसला स्टड हाय ह्यो?"

"ॲलन बोल्ट कापून केलता," भाऊसो म्हणाला. "बाजारातला सगळ्यात कडक."

"कडक केला म्हनून मोडायचा ऱ्हायला काय?"

कृष्णातनं ड्रिल पुन्हा धार लावून घेतलं, तेल सोडलं, दाब कमी केला. दुपारी जेवणाच्या सुट्टीनंतर स्टडचा शेवटचा तुकडा सालपटासारखा बाहेर आला. भोक आता पहिल्यापेक्षा मोठं झालं होतं आणि एका अंगाला थोडं कललेलंही. कृष्णातनं त्यात मोठे आटे पाडले, बॅटरी लावून आत बघितलं, मग बोटानं बाहेरून दाखवलं.

"ह्या अंगाला पाण्याची पोकळी. मधी बीड ऱ्हायलंय नखाएवढं. आता परत ह्यो मोडला, परत ड्रिल घातलं, की पानी बाहेर. हेड भंगारात."

"आता न्हाय मोडायचा," भाऊसो म्हणाला.

"गेल्या साली बी तुमी ह्येच म्हनलासा, मामा."

बाकीचे जुने स्टडही काढून टाकले आणि सगळे नवे प्रसेनजीतनं स्वतः वळले. त्यानं मधल्या कडकपणाचा रॉड निवडला. भाऊसो शेजारी उभा होता. त्यानं रॉडचा तुकडा उचलून कानसीनं घासून बघितला. कानस लागली तसा तो नाराज झाला.

"ह्येच्यापरास कडक न्हाय का?"

"हाय. पण मोडलाच तर त्याच्यात ड्रिल गेलं पायजे, आबा. कडक असला की ड्रिल घसरतंय आनि शेजारचं मऊ बीड खातंय. आत्ताच बघितलासा की."

"मोडायचा इच्चार करूनच बनीव तू."

हेडात जाणाऱ्या टोकाला त्यानं जाड आटे पाडले, नटाच्या टोकाला बारीक. मोठ्या झालेल्या भोकासाठी एक स्टड वेगळा केला, एका टोकाला जाड, दुसऱ्याला बाकीच्यांइतकाच. बाहेर कुणीतरी माळा ओवायला बसलं होतं. शेवटचा स्टड निघाला तेव्हा मालकानं येऊन लेथचा मेन स्विच पाडला.

वडलांना हेडाजवळ बसवून प्रसेनजीत नट आणि पॅकिंग आणायला कोपऱ्यावरच्या दुकानात गेला. त्याला पितळी नट पाहिजे होते. लोखंडाचा नट तापून गंजून स्टडला धरतो आणि खोलताना स्टडच मोडतो. पितळ धरत नाही. नट घेऊन तो वळला, तर खिळ्याला त्याच बनावटीची दोन नवी मॅनिफोल्डं टांगलेली दिसली. हातात स्टड होताच. सहज म्हणून त्यानं तो मधल्या भोकात घालून बघितला, बरोबर बसला. टोकाच्या भोकात घातला, तर आडवा हलायला लागला. भोक गोल नव्हतंच. लांबट होतं.

माल खराब असेल म्हणून त्यानं दुसरं मॅनिफोल्ड बघितलं. तेही तसंच.

"घ्यायचंय का नुसतं हलवत बसायचंय?" दुकानदार म्हणाला.

"न्हाय, बघत होतो."

"बघायला टाउन हॉलात म्युझियम हाय की."

परतीच्या बसमध्ये प्रसेनजीत खिडकीबाहेर बघत बसला. भाऊसोला वाटलं, पोरगं दमलंय.

ट्रॅक्टर पूर्वी गावातल्या गणपतराव पाटलांचा होता. भाऊसो त्यांच्याकडं ड्रायव्हर होता. बारा वर्षांपूर्वी गणपतरावांनी नवा घेतला आणि जुना भाऊसोला दिला. वस्तीतला तो पहिला ट्रॅक्टर. न्यायच्या दिवशी पाटलांच्या मिस्त्रीनं मॅनिफोल्ड सोडून दाखवलं होतं. टोकाच्या भोकांत स्टड हलत होते. मिस्त्री चारचौघांत म्हणाला होता, "बघा, आत्ताच खडखडालाय. वस्तीवर जाईपतोर सगळाच सुटा हुईल." अंगणातली माणसं हसली होती. त्याच आठवड्यात भाऊसोनं मॅनिफोल्ड उद्यमनगरात नेलं. दोन्ही टोकांची मिळून चारी सैल भोकं गोल वाढवून घेतली आणि त्यांत पोलादी बुशं ठोकून बसवली. बुश म्हणजे बांगडीसारखी जाड कडी. स्टड त्यातनं असा जायचा की मध्ये केस शिरणार नाही. गणपतरावांनी ते बघितलं होतं. तेव्हापासून ते कुणापुढंही म्हणत, भाऊसोनं माझ्या टॅक्टरचा खडखडाट घालवला.

भाऊसो दरवर्षी ती बुशं पॉलिशपेपरनं घासून चकचकीत करायचा.

गुरुवारी उद्यमनगर बंद होतं. कुरण्यांच्या घरात हत्यारांची पूजा होत नसे, त्यामुळं शेडमध्ये काम सुरू झालं. नऊच्या सुमाराला प्रसेनजीतचा मेहुणा संग्राम मोटारसायकलवरून आला. तो दूध डेअरीत फिटर होता. त्यानं खिशातनं कागदाची पुडी काढली.

"दाजी, हे बघा. स्टेनलेस. स्टड, नट, सगळं. शंभर वर्सं गंजत न्हाय. आमच्या डेअरीत दुसरं काय वापरतच न्हाईत."

"तुमच्या डेअरीत दूध जातं त्यातनं," प्रसेनजीत म्हणाला. "हितनं जाळ जातोय."

"स्टेनलेसला जाळानं काय हुतंय?"

"नट फिरव की. तेल लावू नकोस."

संग्रामनं नट चढवला, पान्यानं जोरात फिरवला. निम्म्यावर नट थांबला. त्यानं मागं फिरवायला बघितलं, मागंही येईना. स्टडला स्टेनलेसचा नट चावून बसला होता. संग्रामनं दोन पाने लावले, दात खाल्ले. कपाळावर घाम आला.

"निशा," भाऊसोनं सुनेला हाक मारली, "तुझ्या भावाला दुधाचा च्या दे. बिनदुधाचा त्येला चालायचा न्हाय."

निशा हसू दाबत आत गेली. संग्रामनं शेवटी हॅक्सॉनं नट कापला, पुडी परत खिशात घातली आणि चहा पिऊन गेला.

मग बाप-लेक स्टड बसवायला लागले. प्रसेनजीतनं भोकं रॉकेलनं धुतली, सायकलच्या पंपानं फुंकली. आट्यांना ग्राफाइटचं ग्रीस लावलं. प्रत्येक स्टड बोटांनी फिरवत आत नेला. बूड लागलं की किंचित मागं घेतला. जोर लावला नाही. भाऊसो गुण्या धरून प्रत्येक स्टड सरळ उभा आहे का बघत होता. जाड टोकाचा स्टड शेवटी घेतला. त्याच्या आट्यांना पाणी न झिरपणारा लेप लावला. भोक कललेलं होतं, पण कृष्णातनं आटे सरळ पाडले होते. गुण्याला फट दिसली नाही.

गणपतराव त्याच वेळी शेतावरनं परत जाताना शेडपाशी थांबले. धोतर, डोक्यावर फेटा, हातात झेंडूची माळ.

"काय गा भाऊसो, आज पान्याला हात लावू ने."

"आमचा पाना रोज जेवतोय, अण्णा. त्येला सणाची वाट बघाय लागत न्हाय."

गणपतराव हसले. वाकून मॅनिफोल्डकडं बघितलं. बुशं चमकत होती.

"अजून तीच? बारा वर्सं झाली की. मिस्त्री गेला बिचारा, न्हाईतर दाखवलं असतं त्येला. माझा उस पयला हाय बरं का. सोमवारी."

"सोमवारी म्हंजे सोमवारी."

गणपतराव गेल्यावर दोघांनी मॅनिफोल्ड उचलून स्टडांवर धरलं. ते लाकडी हातोड्यानं थोडं थोडं ठोकूनच आत गेलं. भाऊसोनं टोकाला धरून हलवलं. जराही हललं नाही.

"बघ. केस जाईत न्हाय."

प्रसेनजीतनं हात फडक्याला पुसले. पुसलेले हात पुन्हा पुसले.

"आबा, ही टोकाची भोकं कंपनीतनंच लांबट असत्यात."

"लांबट म्हंजे?"

"आडवी. स्टडला दोन्हीकडनं जागा. काल दुकानात दोन नवी बघितली. दोन्ही तशीच."

"जागा कशाला? स्टड काय पाळण्यात घालायचाय?"

"स्टड न्हाय हलत. मॅनिफोल्ड वाढतंय. उसाची ट्रॉली चढाला लागली की लाल हुतंय न्हवं? मग मधनं दोन्हीकडं लांबतंय. टोकाला जागा न्हाय म्हटल्यावर स्टडलाच ढकलतंय. थंड झालं की परत वडतंय. रोज. कसला बी स्टड घाला, मोडनारच."

भाऊसोनं मॅनिफोल्डवरचा हात काढला नाही. त्याची बायको आक्काताई दारात तांदूळ निवडत बसली होती. तिनं सुपातनं मान वर केली नाही.

"सुताराच्या दारात गाडीच्या चाकाला लोखंडाची धाव चढवायची असली की तुमी शेण्या घिऊन पळत हुता," ती म्हणाली. "धाव तापली की वाढती म्हनून तर चाकावर बसती."

"तू गप."

"मी गपच हाय. तांदूळ निवडतोय."

"ठावं हाय मला धाव," भाऊसो म्हणाला. थोड्या वेळानं तो पत्र्याच्या डब्यावर बसला. सालं निघालेली बोटं उलटसुलट करून बघितली. "म्हंजे इतकी वर्सं मीच मोडत आलो म्हनायचं."

सुपातले खडे आक्काताई अंगणात टाकत होती.

"मी काढू बुशं?" प्रसेनजीतनं विचारलं.

"बघू."

"सोमवार हाय, आबा. हेडला आता दुसरी संधी न्हाय."

"बघू म्हटलं न्हवं."

त्यांनी मॅनिफोल्ड पुन्हा उतरवून फळीवर ठेवलं आणि हेड तेवढं इंजिनावर चढवून आवळलं.

शुक्रवारी विहारात कार्यक्रम होता. धम्मदीक्षेचा दिवस म्हणून वस्ती पांढऱ्या कपड्यांत होती. भाऊसो पांढरा शर्ट घालून मागच्या रांगेत बसला. वंदना झाली, खीर वाटली. धाकट्या लेकीच्या लग्नाचं बोलायला आलेल्या पाहुण्यांशी तो नीट बोलला. घरी आल्यावर शर्ट न बदलता शेडमध्ये गेला, फळीसमोर उभा राहिला आणि बाहेर आला. शर्टाच्या बाहीला काळा डाग लागला होता. आक्काताईनं तो रात्रीच साबणात भिजत घातला.

शनिवारी वर्कशॉप उघडलं. प्रसेनजीत निघाला तेव्हा भाऊसो दात घासत होता.

"मी पाचपतोर येतो. मग दोघं बसवू."

"व्हय," भाऊसो म्हणाला.

प्रसेनजीत पाचनंतर आला तेव्हा शेड रिकामं होतं. जमिनीवर तेलाचा ओला डाग आणि टायरांच्या खुणा होत्या. मॅनिफोल्ड ठेवलेली फळी भिंतीला उभी केली होती.

"गेलं," आक्काताई म्हणाली. "सकाळधरनं ठोकत हुतं. शेजारची अंबूबाई बघाय आली काय मोडालाय म्हनून. हातोडा बाजूला ठेवला की हॅक्सॉ, हॅक्सॉ ठेवली की छन्नी. दुपारी टॅक्टर चालू केला. बराच येळ तसाच धडधडत ठेवला, बंद केला, पाने घिऊन परत आवळला. मग वरन-भात खाल्ला आनि माळावर टोळीकडं गेलं."

"काय म्हनलं?"

"मीठ कमी हाय म्हनलं."

निशानं शेडच्या कोनाड्यातला डालड्याचा डबा आणून नवऱ्यासमोर ठेवला. आत बुशं होती. एक उभं चिरलेलं, एक छन्नीनं चेपून अंडाकृती झालेलं, एक अखंड, अजून चकचकीत. प्रसेनजीतनं डबा हातावर उलटा केला. लोखंडाचा कीस पडला, आणखी काही पडलं नाही.

"तीनच?"

"मला एवढीच घावली," निशा म्हणाली. "झाडून बघितलं की सगळं."

त्यानंही शोधलं. फळीखाली, पोत्याखाली, रॉकेलच्या थाळ्यात हात घालून. मागच्या टोकाचं खालचं भोक सगळ्यात अडचणीचं होतं. तिथं मॅनिफोल्डची बाक आडवी येत होती. हातोडा सरळ बसत नव्हता. ठोकताना जोर चुकला तर भोकाभोवतीचा मॅनिफोल्डचा कान फुटायची भीती. तिथलं बुश निघालं नसेल, असं होऊ शकत होतं. तिथलंच बुश निघून भाऊसोच्या खिशात गेलं असेल, असंही होऊ शकत होतं.

सोमवारी सकाळी गणपतरावांचा ऊस भरून ट्रॅक्टर गावाबाहेरच्या चढाला लागला. आक्काताई पाण्याची कळशी घेऊन वाटेत थांबली. फटफट ऐकू आली नाही. आवाज जाड आणि एकसारखा होता. गणपतराव बांधावरनं टोळीच्या मुकादमाला सांगत होते, ह्या गड्यानं माझ्या टॅक्टरचा खडखडाट घालवला. भाऊसो पुढं बघत गाडी चालवत होता.

तो रात्री घरी आला, ट्रॅक्टर शेडपुढं लावला आणि जेवून झोपला.

मंगळवारी उजाडता प्रसेनजीत पाना घेऊन बाहेर गेला. पहिल्या तापण्यानंतर नट थोडे सैल पडतात; ते गार असताना एकदा आवळावे लागतात. त्यानं मधल्यापासून सुरुवात केली आणि दोन्ही टोकांकडं सरकत गेला. भाऊसोनं टोकाच्या पितळी नटांखाली रुंद, जाड वॉशर घातले होते. भोकं त्याखाली पूर्ण झाकली होती. मागच्या खालच्या नटाला प्रसेनजीतनं पाना लावला. नट सोडून वॉशर उचलला असता तर बुश आहे का नाही ते दिसलं असतं.

भाऊसो उंबऱ्यात तांब्या घेऊन उभा होता.

"आवळतोयस का सोडतोयस?" त्यानं विचारलं.

"आवळतोय," प्रसेनजीत म्हणाला.

नट थोडासा फिरला आणि थांबला. प्रसेनजीतनं पाना काढून फडक्यात गुंडाळला. भाऊसोनं चूळ भरली, तांब्या ठेवला आणि ट्रॅक्टरवर चढला.

त्या दिवशी दुपारपर्यंत आणखी दोन खेपा झाल्या. स्टड शाबूत आहे. चौथं बुश कुठं आहे हे भाऊसोला घरातल्या कुणी विचारलेलं नाही, आणि त्यानं सांगितलेलं नाही.